चालता पट्टा: अ‍ॅडलर यांची केशनलिका आणि केलर-सेगल यांचे गणित

प्रकरण

१९६६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले ज्युलियस अ‍ॅडलर यांनी एक साधा दिसणारा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या बारीक केशनलिकेत गॅलॅक्टोज ही साखर विरघळवलेला द्रव भरायचा. त्यात थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतोच. नळीच्या एका तोंडाशी ई. कोलाय जातीचे पोहणारे जिवाणू सोडायचे आणि थांबायचे. काही वेळाने तोंडाशी जमलेल्या गर्दीतून एक गढूळ पट्टा सुटतो आणि नळीतून पुढे चालू लागतो. बऱ्याचदा त्याच्या मागून दुसराही निघतो. दोन्ही नुसत्या डोळ्यांना दिसतात. सूक्ष्मदर्शकाची गरज पडते ती त्या पट्ट्यात लाखो जिवाणू आहेत हे पाहण्यासाठी.

पट्ट्याचा वेग ताशी साधारण एक-दीड सेंटिमीटर. ऐकायला हा वेग क्षुल्लक वाटतो, पण तो क्षुल्लक नाही आणि या प्रकरणाची सुरुवातच तिथून होते. दिशाहीन भटकणाऱ्या जिवाणूंना एक सेंटिमीटर अंतर पसरत जायला जवळजवळ तीन दिवस लागतील. हा हिशेब पुढे मांडला आहे. शिवाय नुसते भटकणारे जिवाणू नळीभर विरळ पसरतील, त्यांचा काठ असलेला पट्टा कधीच तयार होणार नाही. इथे मात्र गर्दी एकत्र राहते, पुढे सरकते आणि तासन्‌तास तिचा आकार टिकतो. पुढारी नाही, आपसात इशारे हवेतच असे नाही, तरी लाखोंची फौज एका वेगाने चालते. हे कसे घडते, आणि ते गणितात मांडताना नेमके काय सिद्ध होते व काय होत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

अ‍ॅडलर यांनी पट्टे पाहून प्रयोग सोडला नाही. पहिली शंका अशी होती की, दोन पट्टे म्हणजे जिवाणूंचे दोन वेगळे गट असतील, एक चपळ आणि एक मंद. म्हणून त्यांनी एकेका पट्ट्यातले जिवाणू बाहेर काढून नव्या नळीत सोडले. दोन्ही पट्ट्यांतल्या जिवाणूंनी पुन्हा दोन-दोन पट्टे तयार केले. म्हणजे पट्ट्यांचे कारण जिवाणूंच्या जातीत नव्हते, नळीतल्या द्रवात होते. मग त्यांनी द्रवच तपासला. पहिला पट्टा जिथून गेला तिथला सगळा ऑक्सिजन आणि काही गॅलॅक्टोज संपलेले होते. मागचा पट्टा उरलेल्या गॅलॅक्टोजवर, ऑक्सिजनशिवाय जगत पुढे येत होता. ऑक्सिजन जास्त आणि साखर कमी ठेवली तर चित्र उलटले: पहिल्या पट्ट्याने सगळी साखर संपवली आणि दुसऱ्याने उरलेला ऑक्सिजन वापरून स्वतःच्या शरीरातला साठा जाळला.

यातून निघालेला निष्कर्ष मला आजही फार सुंदर वाटतो. नळीत सुरुवातीला साखर सगळीकडे सारखीच होती, कुठलीच दिशा नव्हती. जिवाणूंनी आपल्या भोवतालची साखर खाल्ली, त्यामुळे मागे कमी आणि पुढे जास्त असा चढ तयार झाला, आणि स्वतः निर्माण केलेल्या त्या चढावरून ते पुढे गेले. पुढे गेल्यावर तिथलीही साखर खाल्ली, चढ आणखी पुढे सरकला. वाट आणि वाटसरू एकमेकांना ढकलत चालले.

एका जिवाणूची चाल

ई. कोलाय साधारण दोन मायक्रोमीटर लांब असतो. त्याच्या अंगावरच्या कशाभिका एका दिशेने (घड्याळाच्या काट्यांच्या उलट) फिरल्या की त्यांची एक जुडी बनते आणि जिवाणू सरळ धावतो. त्यातल्या काही उलट्या फिरल्या की जुडी सुटते, जिवाणू जागच्या जागी गिरकी घेतो आणि नव्या दिशेला तोंड करून पुन्हा धावू लागतो. हॉवर्ड बर्ग यांनी एकेका जिवाणूचा तिन्ही दिशांनी पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बांधला आणि १९७२ मध्ये डग्लस ब्राउन यांच्यासह ही मापे दिली: धाव सुमारे एक सेकंदाची, गिरकी सुमारे एक दशांश सेकंदाची, आणि गिरकीत दिशा सरासरी ६८ अंशांनी बदलते. ९० अंश आले असते तर नवी दिशा जुनीला पूर्ण विसरली असे म्हणता आले असते. ६८ म्हणजे थोडी आठवण उरते.

आता हिशेब. पोहण्याचा वेग सेकंदाला २० मायक्रोमीटर आणि धाव एक सेकंदाची धरू. विसरणांक (भटकणारी गर्दी किती भराभर पसरते याचे माप) म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले धावेचा काळ, भागिले ३. त्यात दिशेच्या उरलेल्या आठवणीची दुरुस्ती केली की सुमारे २०० चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद येतो. एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रोमीटर. त्याचा वर्ग १० कोटी, भागिले विसरणांकाची दुप्पट, म्हणजे ४००, की येतात अडीच लाख सेकंद, साधारण ६९ तास. वर म्हटलेले तीन दिवस ते हेच.

साखरेकडे जाताना जिवाणू सुकाणू वळवत नाही, कारण त्याला सुकाणूच नाही. चढावर चाललेला असताना तो गिरकी लांबणीवर टाकतो, त्यामुळे त्या दिशेच्या धावा लांबतात. बर्ग आणि ब्राउन यांना असे आढळले की उताराकडे जाणाऱ्या धावा मात्र जवळजवळ नेहमीइतक्याच राहतात. म्हणजे चुकीच्या दिशेला शिक्षा नाही, बरोबर दिशेला बक्षीस आहे. त्याच वर्षी रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी जिवाणूंना एका झटक्यात वेगळ्या संहतीच्या (विरघळलेल्या पदार्थाच्या वेगळ्या प्रमाणाच्या) द्रवात मिसळले. द्रवात चढ-उतार काहीच नव्हता, तरी जिवाणूंचे वागणे काही काळ बदलले आणि मग पूर्ववत झाले. म्हणजे जिवाणू आपल्या दोन टोकांची तुलना करत नाही, आताची साखर आणि क्षणापूर्वीची साखर यांची तुलना करतो. १९८६ मध्ये सेगल, ब्लॉक आणि बर्ग यांनी ही आठवण मोजली: गेल्या एका सेकंदाची नोंद अधिक चिन्हाने, त्याआधीच्या सुमारे तीन सेकंदांची उणे चिन्हाने. (हे सेगल म्हणजे जेफ्री सेगल, पुढे येणारे ली सेगल वेगळे.) चार सेकंदांहून फार लांब आठवण ठेवून फायदाही नसता, कारण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी जिवाणूची दिशा दहाएक सेकंदांत आपोआप बिघडते.

यातली बरीच माहिती १९७१ मध्ये हाताशी नव्हती. तरीही त्या वर्षी पट्ट्याचे गणित मांडले गेले.

केलर आणि सेगल यांची समीकरणे

एव्हलिन फॉक्स केलर या शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ; पुढे त्या विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातल्या कामासाठीही ओळखल्या गेल्या. ली सेगल उपयोजित गणिताचे. १९७० मध्ये दोघांनी स्लाइम मोल्ड या सूक्ष्मजीवाच्या पेशी एकत्र कशा जमतात याचे प्रारूप दिले आणि १९७१ मध्ये तेच विचार अ‍ॅडलर यांच्या चालत्या पट्ट्यांना लावले.

त्यांनी एकेका जिवाणूचा विचार बाजूला ठेवला आणि नळीतल्या प्रत्येक जागी दोनच गोष्टी धरल्या, जिवाणूंची घनता आणि साखरेची संहती. साखरेचे समीकरण साधे आहे: साखर जितक्या वेगाने कमी होते तो वेग म्हणजे तिथल्या जिवाणूंची घनता गुणिले एका जिवाणूचा खाण्याचा दर. जिवाणूंच्या प्रवाहाला दोन बाजू आहेत. एक विसरण, जे गर्दी पसरवते. दुसरी ओढ, जी जिवाणूंना साखरेच्या चढाकडे नेते. ओढीसाठी त्यांनी जे रूप निवडले त्यात या प्रारूपाचा सगळा जीव आहे:

ओढीचा वेग = ओढीचा गुणक × (साखरेचा चढ ÷ साखरेची संहती)

म्हणजे साखर किती वाढली याला महत्त्व नाही, टक्क्याने किती वाढली याला आहे. १ चे २ झाले काय आणि १०० चे २०० झाले काय, जिवाणूला सारखेच. माणसाच्या ज्ञानेंद्रियांबाबत हा नियम वेबर यांच्या नावाने ओळखला जातो, आणि जिवाणूंनाही तो लागू पडतो असे विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशनलिकांच्याच प्रयोगांवरून म्हटले होते. पण केलर-सेगल यांना हे रूप घ्यावे लागण्याचे आणखी एक कारण गणिती होते. साखर शून्याकडे जाताना ओढीची संवेदनशीलता निदान इतक्या जोराने वाढली नाही तर समीकरणांतून टिकणारा चालता पट्टा निघतच नाही. दुसरी अट अशी की ओढीचा गुणक विसरणांकाहून मोठा हवा.

प्रारूपात काय घेतलेले नाही हेही पाहायला हवे. जिवाणूंची वाढ नाही. साखरेचे विसरण नाही. खाण्याचा दर सगळीकडे सारखा, साखर भरपूर असो की संपत आलेली. ऑक्सिजन आणि साखर यांचे दोन पट्टे वेगळे सोडवलेले नाहीत, एका पट्ट्याला एकच पदार्थ.

वेग: निव्वळ जमाखर्च

आता सगळ्यांत आधी तपासावासा वाटणारा आकडा, पट्ट्याचा वेग. समीकरणे सोडवली की उत्तर येते:

वेग = (पट्ट्यातले एकूण जिवाणू × एका जिवाणूचा खाण्याचा दर) ÷ (नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ × पुढची साखरेची संहती)

हे सूत्र मिळवायला समीकरणांची गरजच नाही. शेतात ऊसतोडीची टोळी किती वेगाने पुढे सरकेल? माणसे किती, प्रत्येकजण तासाला किती ऊस तोडतो, फडाची रुंदी किती आणि ऊस किती दाट. बस. कोयता कसा धरला, पाय कसे टाकले, याचा त्या हिशेबात उल्लेखही येत नाही, आणि ऊस दाट असेल तर टोळी हळू सरकते.

एक उदाहरण हिशेबासाठी धरू. नळीचा छेद एक चौरस मिलिमीटर. साखर अर्धा मिलिमोलर, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ३०० लाख कोटी रेणू. प्रत्येक जिवाणू सेकंदाला ५ लाख रेणू खातो आणि पट्ट्यात २५ लाख जिवाणू आहेत. म्हणजे पट्टा दर सेकंदाला सव्वा लाख कोटी रेणू संपवतो. भागाकार केला की सेकंदाला ४.२ मायक्रोमीटर, ताशी १५ मिलिमीटर. धरलेले आकडे ई. कोलायसाठी वाजवी आहेत, आणि उत्तर अ‍ॅडलर यांच्या पट्ट्यांच्या टापूतच येते.

इथे माझा सगळा भर आहे, कारण प्रारूपे वापरणारे पुष्कळजण नेमके इथे घसरतात. वेग बरोबर आला म्हणून केलर-सेगल प्रारूप सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सूत्रात पुन्हा पाहा: विसरणांक नाही, ओढीचा गुणक नाही, टक्क्याने वाढ ओळखण्याचा नियमही नाही. जिवाणू कसा पोहतो, कसा हुंगतो, किती सेकंद लक्षात ठेवतो, यातले काहीही बदलले तरी हा वेग बदलत नाही, जोवर पट्टा एकसंध राहतो आणि मागे साखर उरत नाही. प्रारूपात वगळलेले साखरेचे विसरण परत आणले तरी सूत्र तेच राहते, कारण ते केवळ साखरेच्या जमाखर्चातून आले आहे. म्हणून वेगाचे माप जीवशास्त्राची परीक्षा घेऊच शकत नाही.

याचा अर्थ सूत्र निरुपयोगी आहे असा मात्र नाही. त्यातून एक उलटे वाटणारे भाकीत निघते: पुढे अन्न जास्त असेल तर पट्टा हळू जाईल. अन्नाच्या दिशेने धावणाऱ्या जीवाबद्दल सहज मनात येणारे उत्तर याच्या विरुद्ध आहे. येल विद्यापीठातल्या थिएरी एमोने यांच्या गटाने २०१८ मध्ये जिवाणूंना आवडणाऱ्या एका अमिनो आम्लाची, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटची संहती बदलून पट्टे सोडले तेव्हा कमी अ‍ॅस्पार्टेटमध्ये पट्टे खरोखर जास्त वेगाने गेले.

पट्टा विस्कटत का नाही

वेगात जीवशास्त्र लपून राहते. ते दिसते पट्ट्याच्या आकारात. म्हणून या प्रकरणात सर्वाधिक वेळ इथे घालवायला हवा.

पट्ट्याबरोबर चालत त्याच्याकडे पाहू. सोडवलेल्या समीकरणांवरून प्रत्येक जागी ओढीचा वेग काढता येतो. पट्ट्याच्या पुढे, जिथे साखर जवळजवळ अखंड आहे, तिथे चढ नाही, म्हणून ओढ शून्याकडे जाते. मागे जावे तसा सापेक्ष चढ वाढत जातो, आणि ओढ वाढत वाढत एका ठरावीक वेगाला टेकते. तो वेग म्हणजे पट्ट्याचा वेग गुणिले (ओढीचा गुणक ÷ ओढीचा गुणक वजा विसरणांक). कंसातला अपूर्णांक नेहमी एकाहून मोठा असतो. म्हणजे शेपटीतल्या जिवाणूंना पट्ट्याहून जास्त वेगाने पुढे ओढले जाते, आणि आघाडीवरच्यांना कमी वेगाने. जो पुढे निसटतो तो मंदावतो, जो मागे पडतो त्याला वेग चढतो. या दोन्हींच्या मधे एक जागा अशी येते जिथे ओढीचा वेग पट्ट्याच्या वेगाइतकाच असतो, आणि घनतेचा माथा नेमका तिथे असतो. मागून येणाऱ्यांना बोलावणारे कोणी नाही, पण मागे साखर कमी असल्यामुळेच तिथला चढ टक्केवारीत तीव्र आहे. विसरण पट्टा पसरवत राहते, आणि हा फरक त्याला पुन्हा गोळा करतो.

आकड्यांत: विसरणांक २००, पट्ट्याचा वेग ४.२. आघाडीची कड ज्या अंतराने उतरते ते अंतर २०० ÷ ४.२, सुमारे ४८ मायक्रोमीटर. शेपटी ज्या अंतराने उतरते ते याच्या (गुणोत्तर वजा एक) पट. गुणोत्तर म्हणजे ओढीचा गुणक भागिले विसरणांक. समजा गुणोत्तर १२ आहे, तर शेपटी ५२० मायक्रोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. पुढची कड तीक्ष्ण, मागची लांबट. गुणोत्तर २ असते तर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या असत्या, आणि एकाहून कमी असते तर पट्टा झालाच नसता. म्हणून नळीतल्या घनतेचा आलेख काढताना दोन्ही बाजूंचा उतार वेगवेगळा मोजावा. एकच ‘रुंदी’ लिहून ठेवली की प्रारूपाच्या परीक्षेची सगळी सामग्री हातची जाते.

प्रारूप कुठे तुटते

शेपटीतच तुटते. टक्क्याने वाढ ओळखण्याचा नियम साखर शून्याला पोचेपर्यंत चालतो असे प्रारूपात धरले आहे. दहा लाख रेणूंवर दहा टक्के वाढ आणि दहा रेणूंवर एक रेणू वाढ हे जिवाणूला सारखेच कळते, असा त्याचा अर्थ. हे शक्य नाही. रेणू पकडणारी ग्राही प्रथिने एका जिवाणूत हजारांनी असली तरी ती बहुतेक रिकामी असतील तर टक्केवारीला अर्थ उरत नाही.

ही मर्यादा पुढे मोजली गेली. अ‍ॅस्पार्टेटसारखेच पण जिवाणूला पचवता न येणारे मेथिल-अ‍ॅस्पार्टेट यासाठी सोयीचे पडते: ते खाल्ले जात नाही, म्हणून प्रयोगकर्त्याने तयार केलेला चढ तसाच राहतो. (जिवाणू पदार्थाला ‘ओळखतो’ तो खाण्यासाठी नव्हे, हे अ‍ॅडलर यांनी १९६९ मध्ये दाखवले: गॅलॅक्टोज पचवू न शकणारे उत्परिवर्तित जिवाणूही गॅलॅक्टोजकडे जातात. पट्टा मात्र खाल्ल्याशिवाय होत नाही, कारण चढ खाण्यानेच तयार होतो.) २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मिंगमिंग वू यांच्या गटाने सूक्ष्म वाहिन्यांत असे स्थिर चढ तयार करून पाहिले. सुमारे १८ मायक्रोमोलर (मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग) ते ३ मिलिमोलर या टापूत जिवाणूंची गर्दी खरोखर लॉगरिदमच्या, म्हणजे टक्केवारीच्याच, नियमाने जमत होती. त्या टापूच्या खाली आणि वर तो नियम ढासळतो. पवईच्या आयआयटी मुंबईतही महेश तिरुमकुडुलु आणि के. व्ही. वेंकटेश यांच्या गटाने मेथिल-अ‍ॅस्पार्टेटच्या नियंत्रित चढांत ई. कोलायची चाल मोजून ती गणिताशी ताडून पाहिली आहे. ते काम २०१० मधले.

मधल्या टापूत हा नियम इतका नेटका का चालतो याचे उत्तर पेशीच्या आत आहे. ग्राही प्रथिनांवर मेथिल गट चढवणारे एक विकर आणि उतरवणारे दुसरे, यांच्या जोडीमुळे जिवाणू कोणत्याही स्थिर संहतीला सरावतो आणि गिरक्यांचा मूळ दर पुन्हा गाठतो. नामा बर्काई आणि स्टॅनिस्लास लायबलर यांनी १९९७ मध्ये दाखवले की हा सराव प्रथिनांच्या नेमक्या प्रमाणावर अवलंबून नाही, जोडणीच्या रचनेतूनच तो अचूक येतो; दोन वर्षांनी प्रयोगातही तसेच दिसले. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, इथे एवढे पुरे.

मर्यादा पट्ट्याच्या गणितात घातली की काय होते? मागे मागे जाताना साखर झपाट्याने उतरत शेवटी अशा खालच्या मर्यादेच्याही बऱ्याच खाली जाते. तिथे ओढ पट्ट्याच्या वेगाहून जास्त राहत नाही, गळून पडते. जो जिवाणू भटकत त्या रेषेच्या मागे गेला तो परत येत नाही. पट्ट्याला मागून गळती लागते. गळतीने जिवाणू कमी झाले की वेगाच्या सूत्रानुसार वेगही कमी होत जातो. म्हणून १९७१ च्या प्रारूपातला कायम टिकणारा पट्टा काटेकोरपणे पाहिले तर अस्तित्वात नाही. असतो तो हळूहळू झिजणारा पट्टा.

दुरुस्त्या

पहिली दुरुस्ती ग्राही प्रथिनांची: सापेक्ष चढाऐवजी त्यांच्या खऱ्या प्रतिसादाचे सूत्र घालणे. आज कोणीही पट्ट्याचे गणित करायला बसले तर इथूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्ध लॉगरिदमचे रूप कागदावर सोडवता येते म्हणून शिकवायला उत्तम आहे, पण मोजलेल्या शेपटीशी ताडून पाहायला ते वापरू नये.

दुसरी, घनतेच्या समीकरणांखाली उतरून धाव आणि गिरकी यांचेच गणित करणे. पॅरिसमध्ये सारागोसी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पट्ट्यातल्या जिवाणूंचा एकेक माग काढला. लाटेच्या दिशेने जाणाऱ्यांच्या धावा लांबल्या होत्याच, पण त्यांच्या गिरक्याही छोट्या झाल्या होत्या: दिशा कमी अंशांनी बदलत होती. घनतेच्या समीकरणात ही गोष्ट ओढीच्या गुणकात मुरून जाते, वेगळी दिसत नाही. त्यांच्या प्रारूपात जिवाणूंनी स्वतः सोडलेला आकर्षक पदार्थही होता, जो गर्दी धरून ठेवायला मदत करतो.

तिसरी दुरुस्ती मला सगळ्यांत समाधान देणारी वाटते. एकाच वंशाच्या, एकाच जनुकांच्या जिवाणूंतही कोणी वारंवार गिरक्या घेतो, कोणी क्वचित. प्रत्येकाचा ओढीचा गुणक वेगळा. मग ते एका वेगाने कसे चालतात? चपळ पुढे निघून जायला हवेत आणि मंद मागे राहायला हवेत. येलच्या त्याच गटाने पट्ट्याच्या पुढच्या आणि मागच्या भागातले जिवाणू तपासले तेव्हा ते आपोआप रांगेत लागलेले आढळले: चढ चांगला ओळखणारे पुढे, कमी ओळखणारे मागे. कारण वर आलेच आहे, सापेक्ष चढ मागे तीव्र असतो. मंद जिवाणू मागे सरकतो ते अशा जागेपर्यंत, जिथे त्याचा छोटा गुणक आणि तिथला तीव्र चढ यांचा गुणाकार पट्ट्याच्या वेगाइतका होतो. तिथे तो स्थिरावतो. चपळ पुढे सौम्य चढावर तोच वेग धरतो. पट्टा जितका वेगवान, तितकी ही सोय अपुरी पडते आणि फार मंद असलेले गळून जातात. अ‍ॅडलर यांनी पट्टे पुन्हा सोडून जिवाणूंतली विविधता नाकारली होती ती दोन पट्ट्यांचे कारण म्हणून, आणि त्या प्रश्नापुरते ते बरोबरच होते. एका पट्ट्याच्या आत मात्र विविधता आहे, आणि तिला ठरलेली जागा आहे.

चौथी गोष्ट वाढीची. १९७१ च्या समीकरणांत जिवाणू वाढत नाहीत. काही तासांच्या नळीतल्या प्रयोगाला ते चालून जाते. पण अर्धवट घट्ट आगरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या जेलीत) रात्रभर पसरणाऱ्या वसाहतीला चालत नाही. सॅन डिएगो इथल्या टेरेन्स ह्वा यांच्या गटाने २०१९ मध्ये अशी परिस्थिती घेतली ज्यात मुख्य अन्न वेगळे आहे आणि आकर्षक पदार्थ, उदाहरणार्थ अ‍ॅस्पार्टेट, थोडासाच आहे. तो पोट भरायला पुरत नाही, दिशा दाखवायला पुरतो. आघाडीवरचे जिवाणू अ‍ॅस्पार्टेटचा चढ पकडून पुढे जातात, मुख्य अन्नावर वाढत राहतात, आणि मागे गळणारे त्या जागी वसाहत करतात. गळतीची भरपाई आघाडीतल्या वाढीने होते, म्हणून पट्टा झिजत नाही. या प्रारूपात पट्ट्यातल्या जिवाणूंची संख्या आधी ठरलेली नसते, वाढ आणि गळती यांच्या तोलातून ती ठरते. म्हणून वेगाचा जमाखर्च खरा असूनही तेवढ्यावर वेग काढता येत नाही. त्या संख्येसाठी ओढीचा गुणक, विसरणांक आणि वाढीचा दर या सगळ्यांची गरज पडते. आकर्षक पदार्थ फार थोडा असेल तर चढ ओळखता येत नाही, फार जास्त असेल तर तो संपवायला वेळ लागतो, आणि प्रसाराचा वेग मधल्या संहतीला सर्वांत जास्त येतो. प्रयोगातही तसाच आला.

संहती आणि वेग यांचा असा आलेख हातात असला की एरवी वेगातून दिसत नसलेले जीवशास्त्र दिसू लागते: संहती वाढत जाते तशी वेग खाली आणणारी बाजू बहुतांशी जमाखर्चाची आहे, आणि फार कमी संहतीकडे वेग खाली आणणारी बाजू ग्राही प्रथिनांची. ती दुसरी बाजू बारकाईने मोजायची तर त्या पदार्थाच्या खालच्या मर्यादेच्या आसपास आणि त्याखाली संहतीचे टप्पे जवळजवळ घ्यायला हवेत, आणि प्रत्येक टप्प्यावर शेपटीचा उतारही वेगळा नोंदवायला हवा.